कोंपाद्रेची झडप

शनिवार, १३ जुलै

तळघरात मैलापाणी शिरलं. दुपारी तीनच्या सुमाराला. फरशीतल्या जाळीतून आधी बुडबुडे आले, मग काळं पाणी. आईने खालून हाक मारली — "एलिहिओ, जमीन बोलायला लागलीय बघ." मला वाटलं म्हातारी थट्टा करतेय. डोकावलो तर तिच्या पलंगाच्या पायांना पाणी लागलेलं.

तिला धरून वर आणलं. बाहेर पाऊस असा की समोरचं घर दिसत नव्हतं.

विजेची पेटी खालीच, मागच्या भिंतीवर आहे. म्हटलं उतरून मेन बंद करावा. नायेलीने जिन्यात दोन्ही हात आडवे लावले. माझी मुलगी, एकोणीस वर्षांची, नर्सिंग शिकते — पण आवाज थेट आजीचा. "पप्पा, पाण्यात वीज उतरली असेल तर तुम्ही पेटीपर्यंत पोचणारच नाही. वीजवाल्यांना फोन करा, ते बाहेर मीटरवरून तोडतील. आणि वर कोणी नळ सोडायचा नाही, संडासात पाणी टाकायचं नाही. आपण टाकू ते खालीच येणार." माझ्या बायकोने, ऑरेलियाने, कपडे धुवायचं यंत्र लावलं होतं. पळत जाऊन बंद केलं.

मी फोनवर होतो तेवढ्यात आई पुन्हा खाली गेली. अनवाणी. ग्वादालूपेच्या माउलीची, आमच्या देवमातेची, तसबीर आणायला. तसबिरीपुढच्या मेणबत्तीचा काचेचा पेला पाण्यात पडून फुटला होता, तो तिच्या डाव्या पायात घुसला. तसबीर छातीशी धरून वर आली, पायऱ्यांवर रक्ताचे ठसे. मी रागावलो. म्हणाली, "मला न्यायला तू आलास. तिला न्यायला कोण येणार होतं?"

नायेलीने प्यायच्या पाण्याच्या बाटल्या उघडून साबणाने पाय धुतला. संध्याकाळी दवाखान्यात धनुर्वाताचं इंजेक्शन, गोळ्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साखरेचा आजार आहे, पायावर लक्ष ठेवा.

हे व्हायलाच नको होतं. मागच्या उन्हाळ्यात पोन्सियानोने — नायेलीचा धर्मपिता, म्हणून माझा कोंपाद्रे, नळकाम करतो — झडप बसवली आहे. त्यासाठीच तर बसवली — मोठ्या पावसात गल्लीतलं गटार तुंबलं की झडप आपोआप मिटते, बाहेरचं पाणी सांडपाण्याच्या नळातून उलटं घरात येत नाही. त्याने स्वतः तळघराच्या फरशीत खड्डा खणला, वर लोखंडी झाकण बसवलं. "आता डोन्या तिबुर्सियांना खाली निवांत झोपू द्या," असं माझ्या आईबद्दल म्हणाला होता.

मग हे पाणी आलं कुठून?

रविवार, १४ जुलै

सकाळी पोन्सियानो आला. कंबरेपर्यंतचे रबरी बूट, पंप, लांब नळी. मी बोलावलं नव्हतं. त्याच्या कामाला माझ्या बोलावण्याची गरज कधी लागलेली नाही.

वीज तोडली होती, म्हणून पंप त्याच्या गाडीवरच्या इंजिनावर. इंजिन बाहेरच ठेवलं — आत त्याचा धूर कोंडला की माणूस झोपल्या जागी जातो, म्हणाला. मला मास्क दिला, हातमोजे दिले, चष्मासुद्धा. "कोंपाद्रे, नाक झाकलंत तर चेहरा बराच सुधारतो तुमचा." आई वरून म्हणाली, "तुझा पण झाक रे पोन्सियानो, आम्हाला जेवायचंय." सगळे हसलो. काल रात्रीपासून पहिल्यांदा.

नळी लावायला तो घराला वळसा घालून गेला. अर्ध्या तासाहून जास्त गेला असेल. परत आला तो गप्प. मी विचारलं, "झडप अडकली का?"

"आधी पाणी काढू, कोंपाद्रे."

पाणी उतरलं. मी झाकणापाशी उभा राहिलो, की आता तो उघडेल. त्याने झाकणावरचा गाळ फावड्याने बाजूला केला आणि पुढच्या कोपऱ्यात गेला. दिवसभरात ते झाकण उघडलं नाही. एकदाही नाही.

सोमवार, १५ जुलै

कारखान्यात फोन केला. तिथे आम्ही तोर्तिया, मक्याच्या भाकऱ्या, करतो. मुकादम म्हणाला, मैलापाण्यात हात घातलेस, तीन दिवस तोर्तियांच्या जवळ फिरकू नकोस. बरोबरच आहे.

फेकलं ते: गादी, गालिचा, पुठ्ठ्याच्या सगळ्या पेट्या, आईची लाकडी खुर्ची, नायेलीच्या लहानपणीच्या बाहुल्या. फेकायच्या आधी प्रत्येक वस्तूचा फोटो, विम्यासाठी. ढीग घराच्या बाजूच्या बोळात लावला. भिंतीचे तक्ते पाण्याच्या रेषेच्या हातभर वरपर्यंत कापून काढले, आत काळं झालं होतं. मग साबणपाणी, मग ब्लीच. मी ब्लीचच्या बादलीत संडासचं औषध ओतणार तेवढ्यात नायेलीने बादली ओढली. "दोन्ही मिसळलं की विषारी वायू होतो, पप्पा. एकच. आणि खिडकी उघडी."

माझं लक्ष त्या झाकणाकडे. उघडलं नाही. पोन्सियानोने केलेलं काम उघडून बघायचं म्हणजे त्याने वाढलेलं ताट हुंगून बघण्यासारखं. तो माझा कोंपाद्रे आहे. नायेलीच्या बाप्तिस्म्याला त्याने तिला पाण्यावर धरलं. त्याआधी मायदेशी, गावच्या शाळेत आम्ही सहावीपर्यंत एका बाकावर होतो, अरे-तुरे करत, शेंगा चोरत. बाप्तिस्म्याच्या दिवसापासून तो मला तुम्ही म्हणतो, मी त्याला तुम्ही म्हणतो. आमच्याकडे तसंच आहे. भावाशी भांडता येतं, कोंपाद्रेशी नाही.

मंगळवार, १६ जुलै

आईला ताप. पाय गुडघ्यापर्यंत लाल. रुग्णालयात ठेवून घेतलं.

बुधवार, १७ जुलै

लिहायला नको वाटतंय. तरी लिहितो.

डॉक्टर म्हणाले, घाण पाण्यातले जंतू आत गेलेत. बोटं वाचतील की नाही, सांगता येत नाही. पाय वाचवायचा प्रयत्न आहे. पाय! ज्या पायांनी ती आमच्या डोंगरातल्या वाटेने घागर घेऊन उतरायची.

बाहेर येऊन बाकावर बसलो तर पोन्सियानो लिफ्टमधून येताना दिसला. हातात पिशवी, कोंबडीचा रस्सा असणार. ऑरेलिया आणि नायेली माझ्या शेजारी होत्या. मी उभा राहिलो आणि विचारलं. एका वर्षात जे विचारलं नव्हतं ते.

"कोंपाद्रे, झडप बसवली होती ना तुम्ही? खरं सांगा."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग आईच्या खोलीच्या दाराकडे बघितलं. पिशवी बाकावर ठेवली.

"चूक माझी आहे, कोंपाद्रे."

"म्हणजे बसवलीच नव्हती?"

"चूक माझी आहे. अजून काय सांगू?"

मी म्हणालो, "तू माझ्या आईला त्या घाणीत झोपवलंस."

तू. एकोणीस वर्षांनी. तोंडातून निघालं आणि परत घेता येईना. घ्यावंसंही वाटेना. ऑरेलियाने छातीवर क्रूस काढला. त्याचा चेहरा असा झाला की जणू मी हात उगारलाय. टोपी घेतली, जिन्याने गेला, लिफ्टची वाट पाहिली नाही.

रस्सा नर्सबाईंना देऊन टाकला.

गुरुवार, १८ जुलै

झोप नाही. डोक्यात एकच दृश्य — मागच्या उन्हाळ्यात तो खड्ड्यात उभा, घामाने निथळतोय, आई त्याला वरून ताक देतेय, आणि तो हसून म्हणतोय निवांत झोपा. खड्डा खणला. झाकण बसवलं. मधे काय घातलं? माती?

अनोळखी माणसाने फसवलं असतं तर मी शिव्या देऊन मोकळा झालो असतो. याला शिवी द्यायची तरी कुठली? सगळ्या आम्ही एकत्रच शिकलो.

रविवार, २१ जुलै

चर्चमध्ये मिसेला गेलो. तो डावीकडच्या रांगेत होता, एकटाच. शेजाऱ्यापाजाऱ्याला शांतीचा हात द्यायची वेळ आली तेव्हा तो मधली वाट ओलांडून आला. हात पुढे. मी माझे हात जोडून डोळे मिटले. प्रार्थनेत असल्यासारखे. नव्हतो. त्याच्या बुटांचा आवाज परत जाईपर्यंत मोजत होतो.

देवाने पाहिलं असणार. पाहू दे. त्याने तो खड्डाही पाहिलाय.

मंगळवार, २३ जुलै

डाव्या पायाची दोन बोटं काढली.

शुद्धीवर आल्यावर आई म्हणाली, "दोनच? मग नाचायला आठ राहिली." मी खिडकीकडे तोंड केलं. थोड्या वेळाने विचारते, "पोन्सियानो कुठाय? आठ दिवसांत तोंड दाखवलं नाही."

"कामात असेल."

"तुम्ही भांडलात."

"नाही, आई."

"एलिहिओ, मी तुला जन्म दिलाय. भांडलात." मग डोळे मिटून — "त्याला सांग, मला इथलं पिवळं जिलेटिन खाववत नाही. रस्सा घेऊन ये म्हणावं."

तिला कसं सांगू, कोणाच्या हातचा रस्सा मागतेस?

शुक्रवार, २६ जुलै

आज पुन्हा तसाच पाऊस. दीड तास. गल्लीत पाणी फुटपाथवर आलं. आम्ही तिघं जिन्यात ओळीने उभे, बूट घालून, बॅटरी हातात. वर कोणी नळ सोडला नाही. जाळीकडे डोळे लावून होतो.

काही आलं नाही. थेंबही नाही! जाळी कोरडी.

ऑरेलिया म्हणाली माउलीनेच अडवलं. मीही गुडघे टेकले. माणसाने जे केलं नाही ते तिने केलं.

सोमवार, २९ जुलै

तक्रार पाठवली. नळकाम करणाऱ्यांना लायसन देणारी कचेरी असते, तिला. दोन पानं. नायेलीने इंग्रजी केली — करताना दोनदा थांबली. "पप्पा, ते माझे धर्मपिता आहेत. त्यांचं लायसन गेलं तर ते काय करतील? दुसरं काही येत नाही त्यांना."

"आजीची बोटं परत येतील का?"

तिने पूर्ण केली. मी सही केली. पोस्टाच्या पेटीत टाकली तेव्हा मात्र पत्राचा आवाज फार मोठा वाटला.

शुक्रवार, २ ऑगस्ट

आईला पुढच्या आठवड्यात सोडणार. ती दुसऱ्या मजल्याचे जिने चढू शकत नाही, तिची खोली खालीच. तिथे पुन्हा पाणी येणार नाही याची खात्री झाल्याशिवाय मी तिला आणणार नाही. म्हणून दुसरा माणूस बोलावला. खरी झडप बसवायला. झिगमुंट नावाचा म्हातारा, पोलंडचा, या भागात चाळीस वर्षं नळाचं काम करतो. तोंडात विझलेली चिलीम, बोलताना खाली पडत नाही.

"कुठाय खड्डा?"

दाखवला. त्याने पहारीने झाकण उचललं. मी मागे सरकलो. मातीच बघायची होती, ती दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघावी म्हणून.

बॅटरी मारली, हात घातला, काहीतरी हलवून पाहिलं.

"हे कोणी बसवलं?"

"एक ओळखीचा होता."

"होता? मेला?"

"नाही."

"मग त्याला धरून ठेवा. असा सांधा आजकाल कोणी करत नाही. माझा पोरगा करत नाही, आणि त्याला मी शिकवलंय."

मला कळेना. वाकलो. खड्ड्यात झडप होती. स्वच्छ. तो बोटाने तिची पापणीसारखी पट्टी उघडत होता, मिटत होता. मऊ, घट्ट.

"त्या दिवशी बिघडली असेल," मी म्हणालो.

"बिघडली नाही. मिटली. तिचं काम तिने केलं, गल्लीची घाण आत येऊ दिली नाही. पण दार मिटलं की बाहेरचा आत येत नाही तसा आतला बाहेरही जात नाही, बरोबर? तुमच्याच घराचं पाणी साचलं. किती होतं?"

"घोट्याच्या वर चार बोटं."

"घरात माणसं किती?"

"चार."

"चार माणसं तीन दिवस आंघोळ करत बसली तरी एवढं होणार नाही. हे आभाळाचं पाणी आहे. छपराचं पाणी कुठं सोडलंय तुम्ही? गवतात की जमिनीतल्या नळात?"

मी बोळाच्या बाजूच्या भिंतीकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि त्याला कळलं.

"नळात," तो म्हणाला. "अहो, मग अख्खं छप्पर तुम्ही मिटलेल्या दारामागे ओतलंत. नळातली घाण उचलून सगळं जाळीतून वर. पाइप बाहेर काढा, भोक बुजवा, झालं. माझं इथे काम नाही." जाताना झाकण त्याने स्वतः लावलं, हळू, कोणाचं तरी असल्यासारखं.

बसून लिहितोय. सगळं लिहायला हवं.

झडप बसवली तेव्हा पोन्सियानोने पन्हाळीचा पाइप जमिनीतल्या जुन्या भोकातून काढून गवतात सोडला होता. "हा आता इथंच राहू द्या, कोंपाद्रे," म्हणाला. का ते मी विचारलं नाही. कोंपाद्रेला का म्हणून विचारायचं? पण ते पाणी पडायचं नेमकं बाजूच्या कोपऱ्यावर, जिथे आईने आंघोळीचा जुना टब कोनाड्यासारखा उभा पुरून त्यात माउलीची मूर्ती ठेवली आहे. तिची झेंडूची रोपं वाहून जायची, मूर्तीच्या पायाशी चिखल. ईस्टरच्या आठवड्यात आई खट्टू होऊन बसली, म्हणून मी पाइप उचलला आणि परत जुन्या भोकात घातला. पाच मिनिटांचं काम. तिला खूष केलं म्हणून मी स्वतःवरही खूष होतो.

त्या पाण्यात तिला मी उभं केलं. मी. आणि शिक्षा दुसऱ्याला देऊन आलो — दवाखान्यात, देवळात, पोस्टाच्या पेटीत.

एकच कळत नाही. त्याची झडप नीट होती, हे त्याला माहीत होतं. मग चूक माझी असं का म्हणाला? मी बायका-पोरींसमोर ओरडायला लागलो म्हणून, वाद नको म्हणून म्हणाला असेल. त्याला पाइपचं काय माहीत!

शनिवार, ३ ऑगस्ट

पहाटे पाइप काढायला बोळात गेलो. आई नाही म्हणून झेंडूला पाणी घालायला तीन आठवडे तिकडे कोणी फिरकलं नव्हतं, आणि आमचा फेकलेला ढीग काल गाडीने नेईपर्यंत त्या कोपऱ्याच्या समोरच, तो झाकून होता.

पाइप भोकात नाही. त्याला नवा तुकडा जोडून मूर्तीच्या मागून वळवलाय, मागच्या गवतापर्यंत. माउलीच्या पायाशी कोरडं आहे. जुनं भोक सिमेंटने बुजवलेलं. त्यावर बोटाने काढलेला लहानसा क्रूस — आमच्या गावचे गवंडी काम संपलं की काढतात तसा — आणि खाली तारीख.

१४ जुलै.